जस्ताचा ताप

३ मार्च

वन्सं,

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडून बोलणं जमत नाही. गेल्या वेळी मी "आई जेवल्या" म्हटलं ते तुम्ही "आई गेल्या" असं ऐकलंत, आणि मग दोघींना सावरायला वेळ लागला. म्हणून पत्र.

मला वेल्डिंगचं मशीन घ्यायचंय. घरी, गॅरेजमध्ये ठेवायला. बसचे सांगाडे जोडण्यात तुमचा जन्म गेला, आता तिथेच नव्या लोकांना शिकवता, तेव्हा तुमच्याशिवाय विचारणार कुणाला. हार्डवेअरच्या दुकानात जाऊन आले. दुकानदाराने तीन मशीनं दाखवली. एक शिवणयंत्राएवढं, त्याला गॅस लागत नाही म्हणे. दुसरं त्याहून मोठं, गॅसवर चालतं आणि बिनगॅसचंही. तिसरं कपाटाएवढं, ते पाहूनच मी पुढे सरकले. तो "मिग घ्या, मिग घ्या" म्हणत होता. मिग म्हणजे काय ते विचारलं तर म्हणाला, वायर आपोआप येते, तुम्ही नुसतं बटण दाबायचं. इतकं सोपं असतं तर तुम्ही तीस वर्षं काय करत होतात, असं मनात आलं.

तुमचा भाऊ गेल्यापासून गॅरेज बंदच होतं. गाडीही विकून टाकली, त्यामुळे जागा रिकामी आहे. भिंतीवर एक मोठा सॉकेट आहे, गिझरला असतो तसा. खाली सिमेंट. शटर वर केलं की हवा येते.

काही विशेष करायचं नाही. फाटकाची बिजागरी तुटलीय, एखादा रॅक, असंच. संध्याकाळी चष्म्याच्या दुकानातून आल्यावर वेळ असतो.

आई बऱ्या आहेत. तुमची आठवण काढतात.

— वहिनी


११ मार्च

वहिनी,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, कुणीतरी तुझ्या अक्षरात माझी चेष्टा करतंय. चष्म्याच्या काचा घासणारी बाई मिग मशीन विचारतेय. मग पुन्हा वाचलं आणि बसले उत्तर लिहायला.

मधलं घे. शिवणयंत्राएवढं आहे ते खेळणं नाही, पण त्याची ती बिनगॅसची वायर धूर करते आणि ठिणग्या उडवते. नवशिक्या माणसाला त्या धुरात आपण काय करतोय तेच दिसत नाही. गॅसवर काम स्वच्छ होतं, वितळलेलं लोखंड डोळ्यांसमोर दिसतं. आणि उद्या उघड्यावर, वाऱ्यात काही जोडायचं झालं तर बिनगॅसची वायर घालता येते, कारण वारा गॅस उडवून नेतो. म्हणून दोन्हीवर चालणारं हवं. फक्त तेव्हा मशीनच्या आत टॉर्चची, म्हणजे वायर बाहेर येते त्या हातातल्या नळीची, आणि अर्थच्या वायरीची टोकं अदलाबदल करायची असतात, ते विसरू नकोस. लोक विसरतात आणि मशीनला शिव्या घालतात.

खोक्यावर मोठ्या अक्षरात किती अँपिअर लिहिलंय ते बघून भुलायचं नाही. दहा मिनिटांतली किती मिनिटं सलग चालतं ते विचार. दुकानदार "कितीही चालवा" म्हणाला तर दुसऱ्या दुकानात जा.

कपाटाएवढ्याला कारखान्याची लाइन लागते, ते तुझ्या घरी चालणार नाही. मधल्यालासुद्धा तो गिझरचा सॉकेट जसाच्या तसा वापरू नकोस. वायरमनला बोलावून मीटरपासून वेगळी जाड वायर आणि वेगळा एमसीबी बसवून घे. गॅरेजमध्ये पेट्रोलचा डबा, रंग, थिनर, तेलाच्या चिंध्या जे काही असेल ते सगळं बाहेर काढ. आमच्या धाकट्याला डबे जमवायची हौस होती, तेव्हा कोपरे नीट बघ. हेल्मेट आपोआप काळं होणारं घे, त्यात काटकसर नाही. चामड्याचे हातमोजे. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे. नायलॉनची ओढणी नको.

आता एक विचारते, राग मानू नकोस. त्याच गॅरेजमध्ये का? धाकटा जिथे पडला तिथे मला त्या दिवशी क्षणभर उभं राहवलं नाही. तू तिथे रोज संध्याकाळी उभी राहणार. पण तुझं तुला.

आणि काय बनवायचंय ते नीट सांग. पाइप आहे, पत्रा आहे, अँगल आहे, जाडी किती. काय जोडायचंय ते न सांगता मशीन विचारणं म्हणजे कुणाला कुठे लागलंय ते न सांगता मलम मागण्यासारखं आहे.

आईला वेळेवर जेवायला घाल. ती टाळते.

— वन्सं


२९ मार्च

वन्सं,

मशीन आलं. तुम्ही सांगितलंत तसं मधलंच घेतलं. दुकानदाराने दहा मिनिटांचा हिशोब बरोबर सांगितला, तेव्हा त्याच्याकडूनच घेतलं. गॅसचा सिलिंडर माझ्या कमरेएवढा आहे. तो पडू नये म्हणून भिंतीला साखळीने बांधला.

वायरमन आला होता. त्याने आधी सगळीकडे पाहिलं आणि विचारलं, "साहेब कुठायत?"

"नाहीत."

"कधी येतील? लाइन कुठून घ्यायची ते त्यांना विचारून..."

"मीटरपासून घ्या. मी सांगतेय ना."

मग त्याने काही विचारलं नाही. काम चांगलं केलं.

डबे एकूण बरेच निघाले. काहींवर ह्यांच्या अक्षरात चिठ्ठ्या होत्या. "अर्धा आहे", "हा वाळलाय, टाकायचा." वाळलाय तो टाकायचा, असं लिहून ठेवलं होतं आणि टाकला नव्हता. मी टाकला.

पहिल्या दिवशी वायर टॉर्चमधून आलीच नाही. झाकण उघडून बघितलं तर आत रोलरपाशी केसांच्या गुंत्यासारखा गुंता. कापून काढला, पुन्हा घातली, पुन्हा गुंता. दुसऱ्या दिवशी वायर आली, पण काम करताना फट्‌ फट्‌ आवाज येतो, वायर जणू लोखंडाला ढोसते आणि मागे ढकलली जाते. जोड म्हणून जे झालंय ते चघळून टाकलेल्या च्युइंगगमसारखं दिसतं. मला त्याचं वाईट वाटलं नाही. हल्ली कशाचंच फारसं वाटत नाही, त्यामुळे शिकायला बरं पडतं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. पाइप आहे, गोल, मुठीत मावेल एवढ्या जाडीचा. भिंत तीन मिलिमीटर. तो खाली चौकोनी पट्टीवर उभा करायचा आणि ती पट्टी जमिनीत बोल्टने बसवायची. उंची नव्वद सेंटिमीटर. असे चार उभे आणि वर आडवा पाइप. कुंड्या ठेवायचा स्टँड आहे.

आईंचं छान चाललंय. खुर्चीत बसून असतात.

— वहिनी


६ एप्रिल

वहिनी,

गुंता होतो तो रोलरमुळे. रोलरला दोन खाचा असतात, एक जाड वायरीची, एक बारीक. तुझी वायर पॉइंट आठ मिलिमीटरची असेल, तर त्या रोलरवर तोच आकडा वर दिसायला हवा. दुकानदार बहुतेक वेळा उलटा बसवून देतो. शिवाय वरचा स्क्रू तू जोर लावून आवळलास, हो ना. तो इतकाच आवळायचा की टॉर्चमधून बाहेर आलेली वायर हातमोज्याच्या बोटांत धरली तर घसरत घसरत येईल. वायरीचा मार्ग सरळ ठेव, टॉर्चची नळी कोपऱ्यात वळवून ठेवू नकोस.

लोखंडाला ढोसते म्हणजे वायर जास्त वेगाने येतेय आणि तिला वितळवायला व्होल्टेज कमी पडतंय. मशीनच्या झाकणाच्या आत तक्ता चिकटवलेला असेल. तीन मिलिमीटरच्या ओळीतले आकडे लाव आणि मग कानाने ऐकत वायरीचा वेग हळूहळू कमी कर. एका जागी आवाज एकसारखा होतो, गरम तेलात मोहरी टाकल्यासारखा. तो सापडला की हात लावू नकोस. माझे कान गेले तरी तो आवाज मला अजून कळतो, पायांतून कळतो.

अर्थचा चिमटा घासून चकचकीत केलेल्या लोखंडावर लाव, रंगावर नाही. टॉर्च लोखंडापासून बोटाच्या पेराएवढी लांब. आणि सगळ्यात महत्त्वाचं, आधी भंगाराच्या तुकड्यांवर शीक. जोडलंस की तो जोड शिकंज्यात धरून हातोड्याने तोडून बघ. वरून सुंदर दिसणारा जोड आत पोकळ असू शकतो. वितळलेलं लोखंड नुसतं वर बसतं, खालच्या लोखंडाला धरतच नाही. आम्ही त्याला थंड जोड म्हणतो.

कुंड्यांचा स्टँड नव्वद सेंटिमीटर उंच आणि जमिनीत बोल्ट मारून? तुझ्या कुंड्या पळून जातात का?

मला तिकडे यायचं होतं, पण नवीन तुकडी आलीय, रजा मिळत नाही. इथे माझीही धावपळच. तुला माहितीय, माझी खोली एकच, चौथा मजला, लिफ्ट नाही. पाणीसुद्धा कधी कधी खालून आणावं लागतं. असो.

— वन्सं


२३ एप्रिल

वन्सं,

उत्तराला उशीर झाला. रोलर उलटाच होता. आता आवाज मोहरीसारखा येतो. भंगाराचे तुकडे जोडले, तोडले. आता तुटत नाहीत. मग खऱ्या पाइपवर सुरुवात केली. शटर खाली ओढून घेतलं होतं, कारण बाहेर लोक थांबून बघत होते.

त्याच दिवशी अंगात ताप भरला. हुडहुडी एवढी की दात वाजत होते, अंग ठणकत होतं, तोंडाला गोडसर चव, पाणीही गोड लागत होतं. डॉक्टर म्हणाले साथ आहे, फ्लू. दुसऱ्या दिवशी सकाळी एकदम काहीच नाही, जशी काही आजारी पडलेच नव्हते. आई माझ्या उशाशी बसून होत्या. त्याआधी, ताप चढला तेव्हा मी गॅरेजमध्येच भिंतीला टेकून बसले होते, तिथे त्या काठी टेकत स्वतः खाली आल्या आणि मला उठवलं. मी उठले म्हणून बरं, नाहीतर आम्ही दोघी तिथेच बसून राहिलो असतो.

पुन्हा दोन दिवसांनी काम केलं आणि पुन्हा तसाच ताप. साथ फिरून आली असेल.

— वहिनी


२६ एप्रिल

वहिनी,

ती साथ नाही. आधी काम थांबव, मग पुढचं वाच.

तू आणलेला पाइप पांढरट, चंदेरी आहे. जीआय पाइप. त्याच्यावर जस्ताचा मुलामा असतो. तो जाळलास की पांढरा धूर निघतो आणि तो छातीत गेला की असाच ताप येतो. हुडहुडी, गोड तोंड, सकाळी सगळं साफ. आमच्या कारखान्यात प्रत्येकाला एकदा येतो, त्यानंतर कुणी त्या पाइपच्या वाटेला जात नाही. शटर बंद करून तू दोनदा तो धूर खाल्लास. जास्त खाल्ला असतास तर सकाळी साफ झालं नसतं. पुन्हा छातीत दाटलं तर सरळ दवाखान्यात जायचं आणि जस्ताचा धूर घेतला असं स्वच्छ सांगायचं.

मी तुला आधीच सांगितलं असतं. पण तू मला कुंड्या सांगितल्यास.

आता मी सांगते तू काय करतेयस. मुठीत मावेल असा पाइप, नव्वद सेंटिमीटर उंच, जमिनीत बोल्ट, वर आडवा दांडा. तो कठडा आहे. बसच्या दाराशी असले कठडे मी शेकड्यांनी जोडलेत, मला उंचीवरून कळायला हवं होतं. स्वयंपाकघरातून गॅरेजमध्ये उतरायच्या त्या पायऱ्यांना तू कठडा करतेयस.

आणि तुझ्या पत्रात काठी आहे. आईकडे काठी नव्हती. आई कधी पडली?

मला वाईट वाटलं, पण कळतंही. तू दिवसभर दुकानात उभी राहणार, घरी येऊन तिचं बघणार. सांगवत नसेल तुला. तू न सांगता मी समजून घ्यायला हवं होतं. ती माझी आई आहे, मी नेते. रजा टाकलीय. येत्या आठवड्यात येते. तिची बॅग भरून ठेव, गोळ्या आणि चष्मा हाताशी ठेव.

— वन्सं


३० एप्रिल

वन्सं,

काम थांबवलं आहे. एका बाजूचा कठडा उभा झाला आहे, दुसऱ्या बाजूचा राहिला.

आई फेब्रुवारीत पडल्या. तुमचा भाऊ गेल्यापासून त्या रोज दुपारी, मी दुकानात असताना, खाली गॅरेजमध्ये जाऊन ह्यांच्या स्टुलावर बसायच्या. मला माहीत नव्हतं. मी स्वतः त्या दाराकडे बघायचीसुद्धा नाही. एक दिवस घरी आले तर आई कुठेच नाहीत. दार उघडलं तर शेवटच्या पायरीशी, सिमेंटवर, भिंतीला धरून बसलेल्या. मनगट मोडलं होतं आणि कंबर मुका मार लागून निळी पडली होती. म्हणाल्या, "तू येशील म्हणून हाका नाही मारल्या." आता मनगट जुळलंय, कंबर दुखते.

डॉक्टर म्हणाले, त्या दाराला कुलूप लावा. मी कुलूप आणलं होतं. लावताना त्या माझ्याकडे बघत होत्या. मला लावता आलं नाही. मग हार्डवेअरच्या त्याच दुकानात कुलूप परत करायला गेले आणि तिथे ती मशीनं मांडलेली होती.

तुम्हाला कळवलं नाही कारण कळलं की तुम्ही त्यांना घेऊन जाल असं मला वाटलं. तसंच झालं.

बॅग भरली आहे. किती दिवसांसाठी ते आईंनी विचारलं. मला माहीत नव्हतं, म्हणून स्वेटरही घातले.

— वहिनी


२१ मे

वहिनी,

पोचले. चौथ्या मजल्यावर चढून आले, दार उघडलं, चप्पल न काढताच लिहायला बसले. तुझ्यासमोर बोलायचं होतं ते इतके दिवस तुझ्या घरात राहून बोलता आलं नाही.

आले त्या दिवशी मी आईला भेटायच्या आधी तुझा कठडा बघितला. वाईट सवय. आडव्या दांड्याला लटकले, मग हातोडा मागितला आणि खालच्या जोडावर मारला. तिसऱ्या टोल्याला पाइप पट्टीपासून अलगद सुटून आला, बिस्किट मोडावं तसा. थंड जोड. जस्ताने घात केला होता, तुझा हात वाईट नव्हता. मला वाटलं तू रडशील, चिडशील, निदान "वन्सं, काय केलंत" म्हणशील. तू म्हणालीस, "बरं." आणि ग्राइंडर शोधायला लागलीस. वहिनी, त्या "बरं"ची मला भीती वाटली. तुटलेल्या कठड्याची नाही वाटली.

दुसऱ्या दिवशी तू दुकानात गेलीस. आईची बॅग दारात होती. मी तिच्या शेजारी बसले. तिने विचारलं, "न्यायला आलीस की बघायला?"

"न्यायला."

"तिला विचारलंस?"

"तिनेच बॅग भरलीय, आई."

"तू भर म्हणालीस म्हणून भरली. ती हल्ली कुणी काहीही सांगितलं की करते. उद्या भिंत खा म्हणालीस तर मीठ घेऊन येईल."

मी हसले. ती हसली नाही.

"संध्याकाळी ती दार उघडते," आई म्हणाली, "तेव्हा आधी माझी खुर्ची बघते. मी असले की मग दिवा लावते, मग पर्स ठेवते. एकदा मी आत झोपले होते तर ती अंधारात तशीच उभी, पर्स खांद्याला. किती वेळ उभी होती कुणास ठाऊक. मला घेऊन गेलीस तर दिवा कोण लावणार?"

"आणि तू पुन्हा पडलीस तर?"

"तर पडेन. तुझ्या चौथ्या मजल्यावरून पडण्यापेक्षा तीन पायऱ्यांवरून पडलेलं बरं."

म्हणून तू परत आलीस तेव्हा बॅग उघडलेली होती.  स्वेटर उचलून कपाटात ठेवायला लागलीस, एकेक घडी पुन्हा घालत. मी दारात उभी राहून बघत होते आणि मला सुटल्यासारखं वाटलं. ते लिहून टाकते. तुझ्या प्रत्येक पत्रात मी शोधत होते, आईला घेऊन जा असं कुठे लिहिलंय का. म्हणून तुला सारखी चौथ्या मजल्याची कथा ऐकवत होते. आणि तू माझ्या पत्रांत नेमकं उलटं शोधत होतीस. दोघींनी फोनवर ओरडून घेतलं असतं तर बरं झालं असतं.

बाकी तुझा हात चांगला आहे. शटर उघडून, जस्त नसलेला काळा पाइप आणून आपण सगळं पुन्हा केलं तेव्हा मी दोनच जोड दाखवले, पुढचे सगळे तुझे. काच घासताना तू श्वास धरतेस तसा टॉर्च धरल्यावरही धरतेस. तेवढं सोड. श्वास घेत जा.

दुसऱ्या बाजूचा दांडा कोपऱ्यावर थोडा खरबरीत राहिलाय. आईचा हात तिथूनच जाणार. घासून घे.

— वन्सं


२ जून

वन्सं,

खरबरीत कोपरा घासला. मग दोन्ही बाजूंना रंग दिला. दुकानदाराने चार रंग दाखवले, आईंनी हिरवा सांगितला. मला तो दवाखान्यासारखा वाटतो, पण हात त्यांचा.

आता त्या रोज उतरतात. दोन्ही हातांनी दोन्हीकडचे दांडे धरून, एकेक पायरी, आधी एक पाय, मग दुसरा. खाली आल्या की काठी घेऊन स्टुलापर्यंत. माझी सुट्टी असली की मी फाटकाची बिजागरी वगैरे काहीतरी करत असते, त्या पाठ करून बसतात, कारण ठिणगीकडे बघायचं नाही हे तुम्ही त्यांना सांगून गेलात. पाठ करून बसलेल्या माणसाशी बोलणं सोपं असतं हे मला नव्याने कळलं.

काल त्यांनी विचारलं, "त्या दिवशी सकाळी काय झालं गं?" इतक्या महिन्यांत त्यांनी विचारलं नव्हतं. तुम्हीही नाही. लोकांनी विचारलं, पण त्यांना मी नुसतं हृदयाचं सांगितलं. आईंना सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

काही झालं नाही. हे सकाळी कसला तरी स्क्रू शोधायला खाली गेले. मी चहा गाळला आणि हाक मारली. "आलोच," म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. मी दोन्ही कप टेबलावर ठेवले आणि माझा प्यायला लागले. बराच वेळ आले नाहीत. पुन्हा हाक मारली नाही, कारण मला राग आला होता. रोजचंच होतं ते. खाली गेले की तिकडेच रमायचे आणि चहा निवायचा, मग म्हणायचे, गरम करून दे. मी ठरवलं, आज गरम करून द्यायचा नाही. माझा कप संपवला, विसळला, त्यांचा तसाच ठेवला. मग दार उघडलं, बोलायचं म्हणून. काय बोलायचं ते ठरवून उघडलं होतं.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही आधी खाली गेला असतात तरी उपयोग नव्हता. ते मला पटलं आहे. तो राग मात्र तिथेच राहिला आहे. त्याला जायला जागा नाही.

एवढं सगळं मी त्यांच्या पाठीला सांगितलं. आई पाठमोऱ्याच राहिल्या. मग म्हणाल्या, "आलोच म्हणायचा आणि यायचा नाही. लहान असल्यापासून. ताट वाढून मी हाका मारायचे, हा आपला 'आलोच, आलोच'. एकदा मी त्याचं ताट उचलून शेजारच्यांच्या कुत्र्याला घातलं होतं."

"मग?"

"मग काय. आला तेव्हा म्हणतो, आई, जेवायला काय आहे?"

मला हसू आलं. आईंनाही आलं. खूप दिवसांनी हसल्यावर पोटात दुखतं तसं दुखायला लागलं, तरी थांबेना. मग ते हसू राहिलं नाही. मी खाली सिमेंटवर बसले. मला वाटतं मी मोठ्याने रडत होते, कारण समोरच्या घरातून कुणीतरी बाहेर येऊन बघून गेलं.

आई स्टुलावरून उठल्या. कंबर दुखते म्हणून त्यांना माझ्याशेजारी खाली बसता येत नाही. त्या पायऱ्यांपाशी गेल्या आणि एका हाताने कठडा धरून दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवून उभ्या राहिल्या. त्यांना इतका वेळ उभं राहवत नाही, तुम्हाला माहीत आहे. मी दोनदा म्हटलं, आई बसा.

माझं होईपर्यंत बसल्या नाहीत.

— वहिनी